ॲव्हरेज गाडीचे की पायाचे?

आपल्याकडे कोणी गाडी घेतली की पेढा तोंडात पडण्याआधी प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" मग ती जुनी मोटारसायकल असो, मुलाने कर्ज काढून घेतलेली रिक्षा असो, की मालकाची पंचवीस-तीस लाखांची मोटार असो. प्रश्न रास्त आहे. २०२१ साली महाराष्ट्रात पेट्रोलने लिटरमागे शंभर रुपयांचा आकडा ओलांडला, तेव्हापासून तर तो घरच्या चुलीशी जोडलेला प्रश्न झाला आहे. पण त्यातला 'देते' हा शब्द आम्हाला खटकतो. गाडी काही देत नाही. आपण टाकीत ओतलेले ती वापरते, आणि किती वापरायचे ते बऱ्याच अंशी चालवणाऱ्याचा उजवा पाय ठरवतो. कोणत्याही गाडीला हे लागू आहे. पण अलीकडे आलेल्या हायब्रीड गाड्यांना ते सर्वात जास्त लागू आहे.

कोणी म्हणेल, आपल्या वस्तीत हायब्रीड गाडीचा मालक दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही, मग हा विषय आपल्या पानावर कशाला? मालक सापडणार नाही हे खरे. पण त्या गाडीचा चालक आपल्याच गल्लीत राहतो. त्याची भाकरी त्या गाडीवर आहे आणि त्याची अब्रूसुद्धा. म्हणूनच लिहितो आहोत.

आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा पिंपरीत एका कारखानदाराकडे गाडीवर आहे. आधी दहा वर्षे त्याने टेम्पो चालवला, डिझेलची सुमो चालवली. साहेबांनी टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस हायब्रीड घेतली आणि ती त्याच्या हाती दिली, तेव्हा ताईने सगळ्या चाळीत साखर वाटली होती. तीन महिन्यांनी मात्र साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावले. टेबलावर पेट्रोलच्या पावत्या मांडलेल्या. साहेब म्हणाले, "कंपनी तेवीस सांगते, तुझ्या हाती गाडी पंधरा दाखवते. मधले पेट्रोल कोण पितो?" शेजारी हिशेबनीस उभा होता, चहा घेऊन आलेला पोरगा उभा होता. भाच्याच्या तोंडून शब्द फुटला नाही.

साहेबांचे गणित असे होते. महिन्याला गाडी सुमारे २,४०० किलोमीटर फिरते. कंपनीने सांगितलेल्या २३.२४ च्या हिशेबाने १०३ लिटर पुरायला हवे. लागले १६० लिटर. म्हणजे ५७ लिटर गेले कुठे? सोपे म्हणून लिटरला १०० रुपये धरले तरी महिन्याला ५,७०० रुपये झाले. पुढच्या महिन्यापासून फरक पगारातून कापू, असे साहेबांनी बजावले.

त्या रात्री ताई आमच्याकडे आली. म्हणाली, "भाऊ, पोरानं आजवर कोणाच्या आठ आण्याला हात लावला नाही. नोकरी गेली तर दुसरी बघंल. पण चोर म्हणून जाऊ नये." मंडळातली तरुण मुले बसलेली होती. ती तापली, उद्याच गेटवर जाऊ म्हणाली. आम्ही म्हणालो, जायचे तर खरे, पण रिकाम्या हाताने जायचे नाही. आमचा जन्म कारकुनीत गेला. बी.कॉम.ला पहिला धडा मिळाला तो हा, की तोंडी तक्रारीला तोंडी उत्तर मिळते आणि लेखी हिशेबाला लेखीच उत्तर द्यावे लागते.

आधी तो २३.२४ चा आकडा आला कुठून ते पाहू. आपल्या देशात गाडीचे अधिकृत ॲव्हरेज रस्त्यावर मोजत नाहीत. गाडीची चाके रुळांवर ठेवून, ठरलेल्या वेळात ठरलेला वेग देऊन ते चाचणीगृहात मोजतात. हे काम करणारी एक मोठी संस्था आपल्या पुण्यातच आहे. तिला सगळे 'एआरएआय' म्हणतात. २०२२ साली ही गाडी बाजारात आली तेव्हाच्या चाचणीत वेग ताशी ९० च्या वर जात नव्हता आणि एसी बंद असे. तिथे वाकडचा चौक नसतो, खंडाळ्याचा घाट नसतो, मे महिन्याचे ऊन नसते, मागच्या सीटवर चार माणसे आणि डिकीत सामान नसते. दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला हा आकडा उपयोगी आहे. चालकावर आरोप ठेवायला तो पुरावा होऊ शकत नाही.

आता हायब्रीड म्हणजे काय? अशा गाडीत पेट्रोलचे इंजिन असते आणि शिवाय विजेची मोटर व बॅटरी असते. जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये टोयोटाने प्रियस नावाची अशी गाडी विकायला काढली. आपल्याकडे २०२२ साली होंडा सिटी, मारुतीची ग्रँड व्हिटारा, टोयोटाची हायरायडर आणि ही हायक्रॉस अशा गाड्या आल्या आणि हा शब्द लोकांच्या तोंडी बसला. या गाड्यांना घरी प्लग लावून चार्ज करावे लागत नाही. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होते. हळू चालताना पुष्कळदा नुसती मोटरच गाडी ओढते. आणि पाय उचलला किंवा ब्रेक हलका दाबला की चाकेच त्या मोटरला फिरवतात व ती वीज तयार करून बॅटरीत भरते. आमच्या वयाच्या वाचकांना सायकलचा डायनामो आठवत असेल. तो चाकाला टेकला की दिवा लागे आणि सायकल थोडी जड होई. तोच प्रकार इथे आहे.

परंतु एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. बॅटरीतली वीज फुकटची नव्हे. गाडीला बाहेरून मिळते ते फक्त पेट्रोल. त्या पेट्रोलने गाडीला वेग आला, आणि तो वेग कमी करताना वाया जाणारा काही भाग बॅटरीत परत जमा झाला, इतकेच. आमच्या भाषेत सांगायचे तर ही बचतखात्याची रक्कम आहे, आणि भरताना व काढताना दोन्ही वेळा थोडी कपात होते. म्हणून सर्वात मोठी बचत ब्रेक मारून वीज जमवण्यात नाही. ब्रेक मारायची पाळीच कमी येईल असे चालवण्यात आहे.

भाच्याला आम्ही एक वही आणून दिली. रकाने आखून दिले: तारीख, टाकी पूर्ण भरली तेव्हाचे किलोमीटर, किती लिटर बसले, शहरात किती चालली, हमरस्त्यावर किती, गाडी उभी असताना एसी किती वेळ चालू होता, गाडीत माणसे किती. नियम एकच. दरवेळी त्याच पंपावर, पंप आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची आणि मागच्या भरण्यापासूनच्या किलोमीटरला लिटरने भागायचे. भाचा दहावीपर्यंत शिकलेला. पण त्याचे अक्षर बघून आमच्या हापिसातल्या साहेबांनीही मान डोलवावी.

पुढच्या रविवारी गाडी धुऊन हवा तपासायला न्यायची होती. भाच्याने साहेबांची परवानगी घेतली आणि आम्ही शेजारच्या सीटवर वही घेऊन बसलो. आम्हाला स्वतःला गाडी येत नाही. पण काट्यांवर लक्ष ठेवायला लायसन लागत नाही. वेगाच्या काट्याजवळ एक पट्टा असतो. त्यात चार्ज, इको आणि पॉवर असे तीन भाग असतात. पाय उचलला की काटा चार्जमध्ये, जोरात दाबला की पॉवरमध्ये. गाडीचे पुस्तक आणि तो पट्टा समोर ठेवून मामा-भाच्याने एकेक सवय तपासली.

पहिली सवय न्यूट्रलची. उतार दिसला की भाचा गाडी न्यूट्रल करी. टेम्पोवरच्या उस्तादाने त्याला तेच शिकवले होते. हायब्रीडमध्ये न्यूट्रल केले की बॅटरीत काही भरत नाही. उतारावर मिळणारी वीज हातची जाते आणि गाडीवरचा ताबाही कमी होतो, तो धोका वेगळाच. उतारावर गाडी 'डी'मध्येच ठेवायची. लांब घाट उतरताना बॅटरी भरून जाते, मग पुढची वीज साठवायला जागा उरत नाही. तेव्हा ब्रेक तापू नयेत म्हणून इंजिनाचा आवर घ्यायचा. काही गाड्यांत त्यासाठी 'बी' असा वेगळा गिअर असतो, काहींत स्टिअरिंगमागे पट्ट्या असतात. आपल्या गाडीत काय आहे ते गाडीच्या पुस्तकात पाहावे.

दुसरी सवय ब्रेकची. ब्रेक हलका आणि लवकर दाबला तर गाडी थांबवण्याचे बरेचसे काम मोटर करते आणि वीज भरते. शेवटच्या क्षणी कचकन दाबला तर काम चाकाच्या ब्रेकवर पडते आणि पेट्रोल घालून मिळवलेला वेग नुसती उष्णता होऊन जातो. म्हणून नजर पुढच्या गाडीच्या पाठीवर न ठेवता त्याही पुढे टाकायची. दोनशे मीटरवर सिग्नल लाल दिसला की तिथेच पाय उचलायचा. पुष्कळदा आपण पोहोचेपर्यंत तो हिरवा होतो आणि थांबावेच लागत नाही.

तिसरी गोष्ट सुरुवातीची. नवे चालक विजेवरचा हिरवा दिवा विझू नये म्हणून मुंगीच्या चालीने निघतात. मागचे हॉर्न वाजवतात, बॅटरी रिकामी होते आणि मग ती भरायला इंजिनाला जास्त राबावे लागते. त्यात फायदा नाही. काटा इकोच्या पट्ट्यात ठेवून बेताने हवा तो वेग गाठावा, मग पाय किंचित सैल करून गाडी सरकत ठेवावी. हिरवा दिवा आपोआप लागतो.

चौथी गोष्ट वेग. साधी गाडी गावात जास्त पेट्रोल खाते आणि हमरस्त्यावर कमी. हायब्रीडची खरी कमाई उलट गावातल्या थांबत-चालत वाहतुकीत आहे. हमरस्त्यावर तिला वाऱ्याशी झुंजावे लागते, आणि वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात तर वेग सव्वापट झाला, वाऱ्याचा विरोध मात्र दीडपटीहून जास्त. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुमारे ९४ किलोमीटरचा. तो सगळा १०० ने गेलात किंवा सगळा ८० ने गेलात तरी फरक चौदा मिनिटांचा. एवढ्या वेळात एक चहासुद्धा धड होत नाही. मात्र ८० ने जायचे तर डाव्या बाजूने जायचे. आणि वारा चुकवण्यासाठी ट्रकच्या मागे चिकटून जाण्याचा शहाणपणा कोणी करू नये. पेट्रोलपेक्षा जीव महाग आहे.

पाचवी गोष्ट चाकातली हवा. दर आठवड्याला, गाडी थंड असताना, चालकाच्या दाराजवळ चिकटवलेल्या आकड्याप्रमाणे भरायची. त्याहून कमी नाही आणि ॲव्हरेजच्या लोभाने जास्तही नाही. सहावी गोष्ट ओझे. डिकीत सहा महिने पडलेले नमुन्यांचे खोके, टपावर रिकामे कॅरियर, हे सगळे पेट्रोल खातात. सातवी, सकाळी साहेब खाली येण्याच्या दहा मिनिटे आधी गाडी चालू करून ठेवणे. थंड इंजिन तापेपर्यंत पेट्रोल जाळीत राहते. ते चालत्या गाडीत तापू द्यावे.

ह्या गोष्टी वरवर किरकोळ वाटतील. पण अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने जनतेसाठी दिलेल्या माहितीत म्हटले आहे, की धसमुसळेपणाने वेग वाढवणे आणि कचकन ब्रेक मारणे यामुळे हमरस्त्यावर ॲव्हरेज १५ ते ३० टक्के आणि गर्दीच्या वाहतुकीत १० ते ४० टक्के घटू शकते. पगारातून चाळीस टक्के कापले गेले तर आपण मोर्चा काढू. टाकीतून जातात ते दिसत नाहीत.

महिनाभराने वही भरली तेव्हा दोन गोष्टी उघड झाल्या. एक, ॲव्हरेज पंधरावरून साडेसतरापर्यंत आले होते. दोन, ज्या आठवड्यात मुंबईची फेरी होती, त्या आठवड्यात ते हमखास पडत होते. कारण 'गाडी उभी, एसी चालू' या रकान्यात होते. साहेबांची बैठक तीन-तीन, चार-चार तास चाले. मुंबईच्या दमट उन्हात भाचा गाडीत एसी लावून बसे. हायब्रीडमध्ये एसी बॅटरीवर चालतो, म्हणून वाटते की पेट्रोल जळत नाही. पण बॅटरी उतरली की इंजिन सुरू होते, भरली की थांबते, पुन्हा सुरू होते. गाडी एक इंच हलत नाही. किलोमीटर शून्य आणि पेट्रोल चालू.

वही घेऊन आम्ही दोघे साहेबांना भेटलो. घोषणा नाही, आरडाओरड नाही. साहेब व्यापारी माणूस; आकडे दिसल्यावर खुर्ची पुढे ओढून बसले. पाने चाळता चाळता त्यांचे बोट त्याच रकान्यावर थांबले. "एवढा वेळ एसी कशाला?"

भाचा म्हणाला, "साहेब, बंद गाडीत उन्हात बसवत नाही. तिथं दुसरीकडं कुठं बसायला जागा नाही. वॉचमन जिन्यातून उठवतो."

साहेब थोडा वेळ गप्प राहिले. आम्ही म्हणालो, "साहेब, ह्या मुलाने पेट्रोल प्यायले नाही. सावली विकत घेतली, आणि ती फार महाग पडली."

त्यांनी तिथूनच मुंबईच्या कचेरीत फोन लावला. तळमजल्यावर वॉचमनच्या खोलीत एक खुर्ची आणि पंखा चालकांसाठी ठेवायचा, असे ठरले. दुसऱ्या पानावर भाच्याने दोन ठिकाणी लिहिले होते, 'बैठकीला उशीर, सूचनेवरून वेगात.' ते वाचून साहेब हसले आणि म्हणाले, "म्हणजे मलाही पंधरा मिनिटं आधी निघावं लागेल तर!" माफी मागितली असे म्हणता येणार नाही. मालक मंडळींच्या जिभेला ते शब्द जड जातात. पण ज्या हिशेबनिसासमोर आरोप केला होता, त्यालाच बोलावून त्यांनी सांगितले, "याच्या पगारातून काही कापायचे नाही." भाच्याला तेवढे पुरे होते. ताईला तर त्याहून पुरे.

त्यानंतरच्या दोन महिन्यांत गाडीचे ॲव्हरेज अठरावर स्थिरावले. २,४०० किलोमीटरला १६० ऐवजी १३३ लिटर. २७ लिटर वाचले, म्हणजे शंभरच्या दराने महिन्याला २,७०० रुपये. पैसे साहेबांचे वाचले, हे खरे. त्यातले काही चालकाच्या वाट्याला यावे ही आमची मागणी आहे, आणि दिवाळीच्या बोनसच्या वेळी ती वहीसकट पुढे ठेवायचे आम्ही ठरवले आहे. तेवीस मात्र आले नाही. आता साहेबही ते मागत नाहीत. गाडी कुठे फिरली, कोणाला घेऊन फिरली, किती वेळ उभी राहिली हे लिहिलेले असले, म्हणजे अठरा का आणि तेवीस का नाही हे वहीच सांगते.

साहेबांच्या वृद्ध आईंनी एक वेगळीच पावती दिली. खंडाळ्याच्या घाटात त्यांना नेहमी उलटी व्हायची. आता होत नाही. त्या भाच्याला म्हणाल्या, "तू अलीकडे गाडी ओतल्यासारखी चालवतोस बघ." पेट्रोल वाचवणारा पाय माणसांनाही सुखाने नेतो, हे कोणत्या पुस्तकात असेल नसेल, पण त्या माउलीने अनुभवाने सांगितले.

आता रविवारी संध्याकाळी भाचा वस्तीतल्या सात-आठ चालकांना घेऊन बसतो. कोणी स्कूल बसवर आहे, कोणी ॲपच्या टॅक्सीवर, एक जण रिक्षावर. हायब्रीड त्याच्या एकट्याकडे आहे. पण लांबवर नजर, हलका ब्रेक, बेताचा वेग आणि चाकातली हवा ही सगळ्यांनाच लागू पडतात. रिक्षावाल्याला तर वाचलेला प्रत्येक रुपया थेट स्वतःच्या खिशात दिसतो. त्यामुळे सर्वात नेटकी वही त्याचीच आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरात कोणी दुसऱ्याची गाडी चालवीत असेल, तर त्याला आजच एक साधी वही आणून द्या. लिहिणे जमत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला रोज संध्याकाळी त्याच्याजवळ बसवा. तिचा भागाकार पक्का होईल आणि बापाचा हिशेबही. पावत्या वहीच्या मागे टाचून ठेवा. पंप एकच ठेवा, टाकी पूर्ण भरा, आणि गाडी उभी असतानाचा वेळ लिहायला विसरू नका. बहुतेक चालक तोच रकाना वगळतात.